नखांना बळकटी, घरच्या घरी

श्रावणात हौसेने मेंदी काढली जाते. तळहातावरचा रंग आठ-पंधरा दिवसांत फिका होऊन नाहीसा होतो, नखांवरचा मात्र महिनोन् महिने टिकून राहतो. काही आठवड्यांनी नखाच्या मुळाशी कोऱ्या नखाची बारीक रेघ दिसू लागते. ती रुंदावत जाते आणि केशरी चंद्रकोर हळूहळू टोकाकडे सरकते. संक्रांतीच्या सुमारास तिचा अखेरचा तुकडा नखासोबत कापला जातो. घरोघरी सहज दिसणारी ही गोष्ट म्हणजे नखांच्या वाढीची दिनदर्शिकाच होय. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत संपूर्ण नवे नख यायला सुमारे सहा महिने लागतात, तर पायाच्या अंगठ्याच्या नखाला वर्ष-दीड वर्षही लागते.

नखे बळकट करण्याचा कोणताही उपाय करण्यापूर्वी हा हिशेब लक्षात ठेवला पाहिजे. आज आपल्याला टोकाशी दिसणारे, सोललेले, चिरलेले नख सहा महिन्यांपूर्वी तयार झालेले आहे. ते आता जिवंत नाही. त्याला 'खाऊ घालून' सुधारता येत नाही, फक्त जपता येते. उद्याचे नख मात्र या क्षणी त्वचेखाली घडत आहे आणि त्याला लागणारा माल रक्तातून येत आहे. म्हणून नखांची निगा दोन बाजूंनी घ्यावी लागते. बाहेरून तेलाची वाटी पुरते. आतल्या बाजूसाठी ती पुरत नाही. या दोहोंतील फरक ध्यानात आला, की महागड्या बाटल्यांवरचा खर्चही वाचतो आणि एखादा आजारही वेळेवर ओळखता येतो.

गोंदियाचे हात

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. तिरोडा, गोरेगावपासून सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावपर्यंत पावसाळा सुरू झाला, की बांध्यांमध्ये रोवणीची लगबग सुरू होते. पऱ्हे उपटणे, जुड्या बांधणे आणि कमरेत वाकून चिखलात एकेक रोप रोवणे हे काम प्रामुख्याने स्त्रियाच करतात. अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत रोप धरून ते चिखलात खोवायचे, हीच क्रिया दिवसभरात असंख्य वेळा होते. चिखलातील बारीक वाळू नखांच्या कडा झिजवते. बोटे सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यात राहतात, आणि त्या पाण्यात खतांचा व कीटकनाशकांचा अंशही असतो.

धानाच्या पलीकडे या जिल्ह्याची दुसरी ओळख तेंदूपत्ता आणि विडी ही आहे. विडी वळण्यापूर्वी पाने भिजवून ओल्या कापडात गुंडाळून ठेवावी लागतात. मग ती कापायची, तंबाखू भरून वळायची आणि दोन्ही टोके नखाने किंवा लहानशा पत्र्याने आत दुमडायची. या कामात नख हेच अवजार असते. तलावांत शिंगाडे काढणाऱ्यांची बोटे पाणी आणि काटे यांना एकाच वेळी सामोरी जातात. शहरातील गृहिणीची परिस्थिती वरकरणी निराळी वाटते, परंतु दिवसातून दहा-बारा वेळा भांडी, कपडे, फरशी आणि साबण यांच्याशी तिचाही संबंध येतोच. परिचारिका, केशकर्तनालयात काम करणारे, उपाहारगृहातील आचारी यांचेही हेच गाऱ्हाणे असते. नखे वाढतच नाहीत, थरांनी सोलतात, कपड्यात अडकून तुटतात. कारण सर्वांचे एकच, पाणी.

नख कसे घडलेले असते?

नख हे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. केस आणि त्वचेचा सर्वांत वरचा थरही याच प्रथिनाचा. नखाच्या मुळाशी, त्वचेच्या घडीखाली झाकलेला एक भाग असतो. त्याला नखाचे बीजस्थान म्हणता येईल. तेथे नव्या पेशी जन्मतात, चपट्या होतात, केराटिनने भरतात, मरतात आणि एकमेकींना चिकटून थरांच्या रूपाने पुढे ढकलल्या जातात. नखाच्या मुळाशी दिसणारी पांढुरकी चंद्रकोर हा याच बीजस्थानाचा दिसणारा अंश होय.

नखाचा टणकपणा कॅल्शियममुळे असतो, ही समजूत फार रूढ आहे. आयुर्वेदात नखे ही अस्थिधातूचा मल मानली आहेत, त्यामुळेही नख आणि हाड यांची सांगड आपल्या मनात पक्की बसली असावी. प्रत्यक्षात नखातील कॅल्शियमचे प्रमाण वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. नखाला टणकपणा येतो तो केराटिनमधील गंधकयुक्त घटकांच्या परस्पर बांधणीमुळे. म्हणूनच नखांवर चुना चोळणे किंवा दुधात बोटे बुडवून ठेवणे यांचा उपयोग होत नाही. दूध प्यावे, ते हाडांसाठी आणि एकूण पोषणासाठी चांगलेच; पण त्याचा लेप नखाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. नखावर अधूनमधून उमटणारे पांढरे ठिपकेही बहुधा कॅल्शियमच्या अभावाचे नसतात. महिना-दोन महिन्यांपूर्वी मुळाशी बसलेल्या किरकोळ माराची ती खूण असते आणि नखाबरोबर पुढे सरकत ती निघून जाते.

पाण्याचे येणे-जाणे

नख दगडासारखे घट्ट दिसत असले, तरी पाणी त्यातून सहज आत-बाहेर होते. भिजल्यावर नख फुगते आणि मऊ होते. वाळल्यावर ते आकसते. हे एकदा-दोनदा झाल्याने बिघडत नाही. परंतु दिवसातून अनेकदा, महिनोन् महिने हेच चालू राहिले, की थरांना परस्परांशी जोडून ठेवणारा चिकटपणा कमी होतो. पत्त्यांचा जुना जोड कडेने विस्कटावा तसे नख टोकाशी थरांनी सुटू लागते. साबण, कपडे धुण्याची पूड आणि भांडी घासण्याची राख यांमुळे नखातील मुळातच अल्प असलेला स्निग्धांश निघून जातो. त्यात गोंदियाचे हवामान टोकाचे. पावसाळ्यात हवा दमट असते, हिवाळ्यात हा जिल्हा विदर्भातील सर्वांत थंड ठिकाणांत अनेकदा गणला जातो, आणि उन्हाळ्यात कोरडी झळ असते. दमट ऋतूत मऊ पडणारी नखे थंडीत काचेसारखी ठिसूळ होतात.

यावरून उपायाची दिशा स्पष्ट होते. नखात पाणी असायला हवे, पण ते सारखे आत-बाहेर होता कामा नये. तेल नखाला पोषण देत नाही. ते नखावर आणि भोवतीच्या त्वचेवर पातळ पडदा धरते व पाण्याची ही ये-जा मंदावते. तेवढेच त्याचे काम, पण नियमाने केले तर ते पुरेसे ठरते.

तेलाचा उपाय

रात्री सर्व कामे आटोपल्यावर हात कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. दिवसभर पाण्यातच काम केले असेल, तर ही पायरी वगळावी. मग मऊ कापडाने हात टिपून घ्यावेत आणि नखे किंचित ओलसर असतानाच प्रत्येक नखाला तेलाचा एकेक थेंब लावावा. नखाचा पृष्ठभाग, टोकाखालची कड आणि मुळाजवळची त्वचा या तिन्ही ठिकाणी ते बोटाने हलकेच जिरवावे. दहा बोटांसाठी तीन-चार मिनिटे पुरतात. शक्य असल्यास जुने सुती मोजे हातात घालून झोपावे. महिनाभराच्या तेलाचा खर्च चहाच्या दोन-तीन कपांहून अधिक येत नाही.

तेल कोणते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. खोबरेल आणि तिळाचे तेल सर्वत्र मिळते आणि दोन्ही चांगली आहेत. जंगलपट्ट्यातील घरांत मोहाच्या बियांचे तेल असते. थंडीत ते लोण्यासारखे घट्ट होते आणि बोटांवर अधिक वेळ टिकते, म्हणून हिवाळ्यासाठी विशेष उपयुक्त. मोहरीचे तेल काहींच्या त्वचेला झोंबते; आधी मनगटाच्या आतल्या बाजूस थोडे लावून दिवसभर वाट पाहावी.

जवसाच्या तेलाबाबत मात्र एक सूचना आवश्यक आहे. धानाच्या उभ्या पिकात ओलीवर जवस, लाखोळी फेकून पेरण्याची उतेरा पद्धत पूर्व विदर्भात जुनी आहे, त्यामुळे जवस येथे घरोघरी ओळखीचा. परंतु जवसाचे तेल हवेच्या संपर्कात येऊन घट्ट होत जाते. याच गुणामुळे ते रंग आणि वॉर्निश यांत वापरले जाते. नखांवर लावल्यास ते काही वेळाने चिकट होते व त्यावर धूळ बसते. जवसाची जागा बोटांवर नाही, ताटात आहे. चटणी करून खावा.

घरात कोणतेही तेल नसेल, तर साधी पेट्रोलियम जेली तितकेच काम करते. 'नखांसाठी खास' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मलमांचा मुख्य आधार अशीच एखादी स्निग्ध वस्तू असते.

मेणाचे मलम

तेल लवकर पुसले जाते, ही खरी अडचण. त्यावर मधमाश्यांच्या मेणाचा जुना उपाय आहे. मेणाचा एक भाग आणि खोबरेल अथवा तिळाच्या तेलाचे चार भाग एका वाटीत घ्यावेत. ही वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळू द्यावे. थेट आचेवर ठेवू नये, तेल पेट घेऊ शकते. मिश्रण ढवळून कोरड्या, स्वच्छ डबीत ओतावे. निवल्यावर मऊ मलम तयार होते. ते फार घट्ट वाटले तर पुन्हा वितळवून थोडे तेल वाढवावे. डबीत पाणी जाऊ दिले नाही, तर ते दोन-तीन महिने सहज टिकते. मेणबत्तीचे मेण यासाठी घेऊ नये. त्यात रंग किंवा सुगंधी द्रव्ये असू शकतात. हेच मलम भेगाळलेल्या टाचांनाही चालते.

रोवणीच्या दिवसांत या मलमाचा विशेष उपयोग होतो. रबरी हातमोजे घालावेत, असा सल्ला देणे सोपे आहे. पण चिखलात रोपाचे मूळ बोटाला जाणवावे लागते, त्यामुळे बहुतेक स्त्रियांना मोजे गैरसोयीचे वाटतात. निदान हंगामापूर्वी नखे आखूड करावीत. सकाळी बांधीत उतरण्यापूर्वी आणि दुपारच्या शिदोरीनंतर नखांच्या मुळाशी मलमाचा जाड थर द्यावा. जेवणापूर्वी मात्र हात साबणाने स्वच्छ धुतलेच पाहिजेत. संध्याकाळी हात धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह नीट कोरडे करून पुन्हा मलम लावावे. विडी वळणाऱ्या स्त्रियांनी टोके दुमडण्यासाठी नखाऐवजी पत्र्याची गुळगुळीत पट्टी वापरल्यास नखाची झीज वाचते. शहरात भांडी घासताना मात्र हातमोजे वापरायला अडचण नसावी. आत पातळ सुती मोजे आणि वर रबरी, अशी जोडी उत्तम. नुसत्या रबरी मोज्यांत घाम साचून नखे पुन्हा भिजतात.

मेंदीचे गुण

मेंदीतील रंगद्रव्य केराटिनशी घट्ट जोडले जाते. त्यामुळेच तिचा रंग नखावरून धुऊन निघत नाही. मेंदी लावलेली नखे कडक वाटतात, असा अनेकींचा अनुभव आहे. मात्र मेंदीने कोरडेपणाही येतो, म्हणून लेप काढल्यानंतर तेल लावणे विसरू नये. ताज्या पानांची वाटलेली किंवा शुद्ध पानांची पूड असलेली मेंदीच वापरावी. काही मिनिटांत काळा रंग देणाऱ्या 'काळ्या मेंदी'त केस रंगविण्याचे रसायन मिसळलेले असू शकते आणि त्याने त्वचेवर फोड येऊ शकतात. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर मेंदी व नखपॉलिश दोन्ही टाळावीत. भूल दिलेल्या रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बोटाला लावलेल्या उपकरणाने मोजले जाते आणि डॉक्टर नखाचा रंगही पाहतात.

कापण्याची रीत

नखे तुटण्याचे एक कारण ती चुकीच्या पद्धतीने कापणे हेही आहे. आंघोळीनंतर नखे मऊ असताना कापावीत. हाताची नखे बोटाच्या गोलाईनुसार, पायाची मात्र सरळ रेषेत कापावीत. पायाच्या नखाचे कोपरे खोलवर कापल्यास नख मांसात शिरते. कानस एकाच दिशेने फिरवावी. करवतीसारखी मागे-पुढे घासल्यास थर सुटतात. नखाच्या मुळाशी असलेली पातळ, पारदर्शक त्वचा अनेकजणी सौंदर्यासाठी कापून टाकतात. ती निरुपयोगी नाही. नख आणि त्वचा यांतील फट बंद ठेवणारे ते नैसर्गिक सील आहे. ते गेले, की त्या फटीतून पाणी, जंतू आणि बुरशी आत शिरतात.

सतत ओल्या हातांचे काम करणाऱ्यांना होणाऱ्या नखुरड्याचे मूळ बहुधा इथेच असते. नखाभोवतीची त्वचा लाल होते, सुजते, दुखते; कधी पू धरतो. हे दुखणे सहा आठवड्यांहून अधिक रेंगाळले, तर ते जुनाट समजावे. त्यात बीजस्थानाला इजा होऊन नख वेडेवाकडे, आडव्या खाचांचे उगवू लागते. अशा वेळी सुईने टोचणे, चुना भरणे, रॉकेल ओतणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. पू झाला असेल किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

हे उपाय नकोत

घरगुती म्हणजे निरुपद्रवी, असे समजण्याचे कारण नाही. लसणाचा ठेचा नखांवर बांधल्याने त्वचा भाजल्यासारखी होते. लिंबू चोळल्याने नखे क्षणभर पांढरी, चकचकीत दिसतात. पण त्यातील आम्ल नखे कोरडी करते, आणि लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात गेल्यास तिच्यावर काळे डाग किंवा फोड उठू शकतात. खाण्याचा सोडा आणि दंतमंजन यांनी नख घासले जाते, बळकट होत नाही. बाजारात मिळणाऱ्या काही 'हार्डनर'मध्ये फॉर्मल्डिहाइड असते. सुरुवातीला नखे खरोखरच कडक होतात, पुढे मात्र लवचिकता गमावून अधिकच तुटतात. नखपॉलिश काढण्याचे ॲसिटोनही वारंवार वापरू नये. वापरलेच तर नंतर हात धुऊन तेल लावावे.

नख जाड, पिवळट, भुसभुशीत होऊन खालून सुटू लागले असेल, तर ती बुरशी असू शकते, पण सोरायसिससारख्या विकारातही नखे अशीच दिसतात. तेलाने यातले काहीच बरे होत नाही. नखाची खरड तपासून निदान होते आणि बुरशी असल्यास उपचार काही महिने घ्यावे लागतात.

ताटातून नखापर्यंत

आता आतल्या बाजूकडे वळू. केराटिन हे प्रथिन असल्याने प्रथिनांची उणीव असलेल्या शरीरात नखे पातळ आणि संथ वाढतात. भात हे येथील मुख्य अन्न. केवळ भातावर पोट भरते, पण प्रथिने आणि लोह पुरेसे मिळत नाही. त्याला जोड हवी ती वरणाची, चण्याची, अंड्यांची आणि तलावांतल्या लहान मासळीची. माजी मालगुजारी तलावांनी समृद्ध असलेल्या या भागात मासळी परकी नाही. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी, पुढे अंबाडी आणि इतर पालेभाज्या मुबलक असतात. पालेभाजीतले लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. जेवणात लिंबू, आवळा असे क जीवनसत्त्वाचे आंबट काही असेल तर हे शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर असावे. हा एक बदल करायला पैसा लागत नाही.

'बायोटिन'च्या गोळ्यांची जाहिरात अलीकडे जोरात असते. ठिसूळ नखांवर रोज अडीच मिलिग्रॅम बायोटिन देऊन काही अभ्यास झाले. त्यांत काही जणांना फायदा दिसला, पण ते अभ्यास फार लहान होते. सामान्य आहार घेणाऱ्याला या जीवनसत्त्वाची उणीव सहसा होत नाही. अंड्याचा बलक आणि शेंगदाणे यांतून ते मिळते. शिवाय मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात. थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या तपासण्या त्यांत येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. अशा गोळ्या घेत असाल, तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.

नखे जेव्हा रक्ताविषयी सांगतात

नख पारदर्शक असते. त्याची गुलाबी छटा ही खालच्या रक्ताची. छटा फिकट असेल, तळहात आणि खालच्या पापणीची आतली बाजूही पांढुरकी दिसत असेल, थोड्या कामाने दम लागत असेल, तर तेथे तेलाचे काम संपते. रक्तक्षय दीर्घकाळ राहिला आणि लोहाची उणीव तीव्र झाली, की नख मध्यभागी खोलगट होऊन कडा वर उचलल्या जातात. चमच्यासारख्या अशा नखावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो तेथेच राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. 'माझी नखेच तशी' म्हणून ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती अनेकदा ही असते.

नखाच्या रंगावरून निदान मात्र करू नये. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा आणि गर्भवतीचे ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजला जातो. ही साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

गोंदियासारख्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक विकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. यातही नखे फिकट दिसतात, थकवा येतो, हिमोग्लोबिन कमी भरते. पण कारण निराळे असते. निरोगी तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती कोयत्याच्या आकाराची होऊन १०-२० दिवसांतच फुटते. ज्या रुग्णाला वारंवार रक्त द्यावे लागले आहे, त्याच्या शरीरात लोह कमी नसून उलट साचलेले असू शकते. त्यामुळे 'नखे पांढरी पडली, म्हणून लोहाच्या गोळ्या' हा दुकानातून परस्पर केलेला उपाय येथे धोक्याचा ठरू शकतो. काही सिकलसेलग्रस्तांना लोहाचीही उणीव असते, पण ते तपासणीनंतरच ठरते. आधी हिमोग्लोबिन, त्यासोबत सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी आणि ती सकारात्मक आल्यास निश्चित निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी, असा हा क्रम आहे. याचा अर्थ गर्भवतींना व किशोरींना शासकीय केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या टाकून द्याव्यात असा मुळीच नाही. त्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली दिल्या जातात आणि घ्यायलाच हव्यात. सिकलसेलचा रुग्ण असल्यास ते तेथे आधी सांगावे.

१ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. विवाहापूर्वी पत्रिकेबरोबर सिकलसेलचे कार्डही पाहावे, असे या भागात सांगितले जाते ते उगाच नव्हे. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

आणखी काही खुणा दुर्लक्षू नयेत. एकाच नखावर उमटलेली आणि रुंदावत जाणारी काळी रेघ, फुगीर होऊन पोपटाच्या चोचीसारखी वळलेली नखे, सर्व नखांवर एकाच वेळी दिसणाऱ्या आडव्या खाचा, टाचणीने टोचल्यासारखे खड्डे यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींच्या अनेक नखांवर फिकट उभ्या रेघा असतात, त्या बहुधा निर्धोक असतात. बदलत जाणारी एकटी रेघ मात्र तपासून घ्यावी. वयानुसार उमटणाऱ्या बारीक उभ्या रेषा हा वार्धक्याचा भाग आहे, त्याची काळजी करू नये.

सहा महिन्यांची चिकाटी

घरगुती उपाय फसतात ते बहुधा कंटाळ्यामुळे. आठ दिवस तेल लावून फरक पडला नाही, की वाटी बाजूला पडते. आठ दिवसांत नख एक मिलिमीटरही वाढलेले नसते. भोवतीची त्वचा दोन आठवड्यांत मऊ होईल, टोकांचे सोलणे दीड-दोन महिन्यांत कमी होईल, आणि संपूर्ण नवे नख हाती यायला अर्धे वर्ष जाईल. या काळात नखे आखूड ठेवावीत. लांब नखाला पाणीही अधिक लागते आणि धक्काही. नखाने डबे उघडणे, चिकटपट्ट्या खरवडणे सोडावे. सहा महिन्यांनीही सुधारणा दिसली नाही, तर थायरॉइडसह इतर तपासण्या करून घ्याव्यात.

ज्यांना प्रगती डोळ्यांनी पाहायची आहे, त्यांनी एका करंगळीच्या नखाला मेंदी लावून ठेवावी. रोज रात्री तेल लावताना ती केशरी खूण मुळापासून किती दूर गेली, हे दिसत राहील. तिच्या मागून येणारे कोरे नख हे आपल्या या काही महिन्यांच्या निगेचे आणि आहाराचे असेल. ते गुलाबी आणि गुळगुळीत आले, तर वाटीतल्या तेलाने आपले काम केले. ते फिकटच राहिले, तर तेल बदलत बसू नये. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे.